दुसरी किल्ली कुणाकडे?

किल्लीवाल्याचा जगात कुणावर विश्वास नव्हता, आणि त्यात त्याची फार चूक होती असंही नाही. ज्याने उभं आयुष्य दुसऱ्यांची कुलपं उघडण्यात घालवलं, त्याचा कुलपावर विश्वास बसायचा तरी कसा? लोक दाराला भलंमोठं कुलूप लटकवतात, दोनदा ओढून बघतात आणि निर्धास्त बाहेर पडतात. हा मात्र रस्त्याने जाता जाता त्याच कुलपावर नजर टाकायचा आणि हे उघडायला आपल्याला कपभर चहा संपवण्याइतकाही वेळ लागणार नाही, असं मनाशी म्हणत पुढे जायचा. मालक समोर उभा असल्याशिवाय त्याने कधी कुणाचं कुलूप उघडलं नाही, तेवढा तो सरळ होता. पण आपण सरळ म्हणून जगही सरळ, असल्या भ्रमात तो राहत नव्हता.

त्याचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. शेगड्याच्या लोखंडी जबड्यात किल्ली घट्ट धरायची, कानशीने खाचा पाडायच्या, फुंकर मारून पितळेचा कीस उडवायचा, असं दिवसभर चाले. गंजलेली कुलपं रॉकेलच्या डब्यात बुडालेली असत. मागच्या फळीवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. त्याची एक पद्धत होती आणि ती त्याने कधी मोडली नाही. नवी किल्ली करताना आधी मऊ पत्र्याची एक कच्ची किल्ली करून बघावी लागते. खरी किल्ली लागली की ती कच्ची किल्ली तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कानशीने घासून सपाट करायचा. साबणात घेतलेला ठसाही अंगठ्याने पुसून टाकायचा.

"बघून घ्या," तो म्हणायचा. "दुसरी किल्ली माझ्याकडे राहिलेली नाही."

"राहू द्या हो, घाई आहे," असं कुणी म्हणालं की त्याचं डोकं फिरायचं. स्वतःच्याच घराच्या बाबतीत एवढी बेफिकिरी करणाऱ्या माणसाला किल्ली देणंच त्याच्या जिवावर यायचं.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्याचं घर होतं. दोन खोल्या आणि बायको. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली, तिला एक लहान मुलगी. किल्लीवाल्याच्या बायकोचा आवाज साऱ्या गल्लीच्या ओळखीचा होता. तिने खिडकीतून "अहो, ऐकलं का?" अशी हाक मारली की खालचे चार नवरे एकदम वर बघायचे. तो आवाज गेला. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचवायचा असेल तर दुसरा इलाज नाही.

ऑपरेशनच्या आधी मुलगी येऊन राहिली होती. तिने आईला खिडकीपाशी बसवलं आणि बापाच्या फोनमध्ये तिचा आवाज भरून घेतला. नातीसाठी गोष्टी, झोपवतानाची गुणगुण, शेजारणीची नक्कल, आणि टॉवेलला रॉकेलचे हात पुसणाऱ्या नवऱ्याचा यथासांग उद्धार. ते ऐकताना मुलगी हसत होती आणि मध्येच उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन येत होती.

बायको घरी आली ती गळ्यात एक भोक घेऊन. आत छोटीशी झडप बसवली होती. दवाखान्यातल्या बाईंनी तिला शिकवलं होतं, भोकावर अंगठा दाबायचा, श्वास सोडायचा, झडपेतून आवाज निघतो. घरी आल्या दिवशीच तिने अंगठा लावला आणि म्हणाली, "चहा ठेवू?" आवाज जाडाभरडा, फाटका. कुणा परक्या पुरुषाचा वाटावा असा. किल्लीवाल्याचं तोंड क्षणभर वाकडं झालं. त्याने ते लगेच सरळ केलं, पण चाळीस वर्षं ज्या बाईने त्याचं तोंड वाचलं तिच्यापासून काय लपणार?

"राहू दे गं," तो म्हणाला. "घशाला ताण नको." आणि त्याने खिशातून फोन काढून तिचाच जुना आवाज लावला. तिला बरं वाटेल असं त्याला खरंच वाटलं होतं. ती वळून शेगडीकडे गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी हाताने आणि भुवयांनी बोलू लागली, आणि तो रोज संध्याकाळी फोन कानाशी धरून बसू लागला.

एके दिवशी फोन म्हणाला, जागा संपली.  किल्लीवाला तडक शेजारच्या दुकानात गेला. तिथे एक तरुण बाई मोबाइल दुरुस्त करायची. गल्ली तिला मोबाइलवाली म्हणायची. डोळ्याला भिंग लावून ती एका फोनचं पोट उघडून बसली होती.

"भरलाय काका," ती फोन बघून म्हणाली. "क्लाउडवर टाका सगळं."

"कुठे टाकू?"

"क्लाउडवर. म्हणजे आपल्या वस्तू आपल्या फोनमध्ये न ठेवता कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या. इंटरनेटवरून पाठवायच्या, आणि पाहिजे तेव्हा इंटरनेटवरूनच बघायच्या. नवा फोन घेतला तरी त्यात दिसतात."

"म्हणजे दुसऱ्याच्या घरात ठेवायच्या."

"घर कसलं? मोठमोठ्या इमारती असतात. आत रांगेने कपाटं, कपाटात नुसते कॉम्प्युटर. गार हवा, पहारा, वीज गेली तर जनरेटर."

"माझी वस्तू कुठल्या कपाटात?"

मोबाइलवाली हसली. "ते त्यांनाही एका दमात सांगता येणार नाही. एक प्रत इथे, एक तिथे, अशा ठेवतात. एका इमारतीला आग लागली तरी दुसरीकडे वस्तू शाबूत."

"मला न विचारता प्रती काढतात?" किल्लीवाल्याने कान टवकारले. "मी असं केलं तर गल्ली मला पोलिसात देईल."

"तुमच्याच भल्यासाठी काढतात हो. आणि तुम्ही काय आज नव्याने जाताय तिकडे? मागे तुमच्या फोनची काच फुटली, नवा घेतलात, तेव्हा सगळ्यांचे नंबर आपोआप आले ना त्यात? कुठून आले?"

"तू घातलेस."

"मी कशाला घालू? तिथूनच आले."

हे ऐकून किल्लीवाल्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला घाम फुटला. इतके दिवस आपलं सामान दुसऱ्याकडे आहे आणि आपल्याला पत्ताही नाही! तो स्टुलावर टेकला आणि त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांनी आपल्याला विचारावा म्हणून वाट पाहिलेला प्रश्न विचारला.

"किल्ली कुणाकडे?"

"पासवर्ड तुमच्याकडे."

"आणि विसरलो तर?"

"तर कंपनी खात्री करून घेते आणि नवा करू देते."

"म्हणजे दुसरी किल्ली त्यांच्याकडे आहे."

मोबाइलवालीने भिंग कपाळावर सरकवलं. एवढं नेमकं तिला अजून कुणी विचारलं नव्हतं. "साध्या प्रकारात आहे असंच म्हणा," ती म्हणाली. "पण दुसरा प्रकार असतो. त्यात वस्तू तुमच्या फोनमध्येच कुलूपबंद होते आणि मग तिकडे जाते. त्यांच्याकडे पोचतं ते बंद खोकं. उघडायची किल्ली तुमच्या फोनमध्ये. फोन बदलला तर जुन्या फोनवरून नव्याला परवानगी द्यायची. जुना फोनच हाताशी नसेल तर एक लांबलचक रिकव्हरी कोड देतात, तो घालायचा. नुसता पासवर्ड तिथे चालत नाही."

"आणि कोडही हरवला तर?"

"तर संपलं. कंपनीलाही उघडता येत नाही."

किल्लीवाला खो खो हसला. "असा कुलूपवाला मी अजून पाहिला नाही. आपण बनवायचं आणि आपल्याकडेच किल्ली नाही?"

"तुम्ही नाही का? तुम्ही कुठे ठेवता?"

"माझी गोष्ट वेगळी."

त्याने तोच प्रकार घेतला. पासवर्ड म्हणून आपल्या घराच्या किल्लीच्या खाचांचे आकडे, म्हणजे कुठली खाच किती खोल त्याची मापं, घातले, कारण ते त्याला झोपेत विचारले तरी आठवले असते. फोन उघडायलाही तेच आकडे होते. बोट लावून फोन उघडतो म्हणतात, पण कानस चालवून चालवून त्याच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मोबाइलवालीने सगळे आवाज त्या बंद तिजोरीत हलवले. कोड कागदावर उतरवून घ्यायला सांगितला. त्याने उतरवला, पुन्हा टाइप करून बरोबर असल्याची खात्री केली, आणि मग खिशातून काडेपेटी काढून कागद पेटवला.

"अहो काका!" मोबाइलवाली ओरडली. "तो जपून ठेवायचा असतो! निदान आवाजांची एक प्रत मुलीकडे तरी पाठवा. क्लाउड असला तरी एक प्रत वेगळी ठेवावी माणसाने."

"काम झालं की ठसा पुसायचा," किल्लीवाला शांतपणे म्हणाला. हाताची सवयच होती ती, पण नुसती सवय नव्हती. वेळ आलीच तर दुसरी किल्ली कंपनीकडे निघणार, याची त्याला बालंबाल खात्री होती. ज्यांना तो चोर समजत होता, त्यांच्या चोरपणावर त्याने सगळी मदार ठेवली. आता याला काय म्हणावं?

मुलीने फोनवर हट्ट धरलाच. "बाबा, आईचा आवाज मला पाठवा ना. बाळाला गोष्टी ऐकवीन."

"वाऱ्यावर सोडू तिचा आवाज? हल्ली चोर दुसऱ्याच्या आवाजात फोन करून लोकांना फसवतात, वाचलं नाहीस?"

"मी चोर आहे का?"

"तू नाहीस. पण तुझ्या फोनची किल्ली कुणाकडे, ते सांग."

मुलीने हात टेकले. त्यानंतर ती हा विषय काढेना, आणि किल्लीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या सहज गप्प बसणारी ही मुलगी नव्हे. घरात काहीतरी शिजत होतं. तो जेवायला वर आला की आतलं बोलणं एकदम थांबायचं. शेजारीण पदर सावरून उठायची आणि "येते हं" म्हणत त्याच्या बाजूने निघून जायची. फोन तो दुकानात नेत नसे, कीस आणि रॉकेलमुळे. कपाटात ठेवून जायचा. तो फोन संध्याकाळी हाताला किंचित गरम लागायचा. बायकोला भुवई उडवून विचारावं तर तीही भुवई उडवायची आणि ताकास तूर लागू देत नसे.

मग जाहिराती सुरू झाल्या. किल्लीवाला बातम्या बघायला फोन उघडी आणि समोर गळ्याभोवती बांधायचे रुमाल. फुलाफुलांचे, जाळीचे, खास गळ्याच्या ऑपरेशनवाल्यांसाठी. त्याखाली श्वासाच्या व्यायामाचे व्हिडिओ. त्याने जन्मात असलं काही शोधलं नव्हतं. त्याने फक्त तिचा आवाज ऐकला होता.

आता त्याला सगळं लख्ख दिसलं. त्यांनी तिजोरी उघडली! आत बसून ऐकलं! बाईचा गळा गेलाय हे त्यांना आवाजावरून कळलं आणि आता रुमाल विकतायत. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि मनातून जरा समाधानही वाटलं, कारण शेवटी तोच खरा ठरला होता. दुसरी किल्ली होतीच.

त्याने दुकान अर्ध्यावर बंद केलं आणि वर जाऊन कपाटातला फोन खाली आणला. फोनमध्ये कुणी शिरलं असेल तर त्याला आधी हाकलायला हवं. सगळं पुसून फोन कोरा करायची सोय असते, एवढं त्याला ठाऊक होतं. फोनने विचारलं, नक्की पुसू? याने हो म्हटलं. पुन्हा विचारलं, सगळं जाईल. याने पुन्हा हो म्हटलं. आवाज तर तिकडे तिजोरीत होते आणि पासवर्ड डोक्यात. कोरा फोन हातात आल्यावर त्याने आपलं खातं उघडलं. नंबर आले, फोटो आले. तिजोरीवर बोट ठेवलं तर तिने रिकव्हरी कोड मागितला.

पासवर्ड घातला. तो नाही, कोड. पुन्हा पासवर्ड घातला. कोड. 

मोबाइलवालीने फोन बघितला आणि कपाळाला हात लावला. "काका, जुनाच फोन होता हो तुमचा. पण पुसलात म्हणजे त्याच्या आतली किल्लीही पुसलीत. आता हा त्यांच्या लेखी नवा फोन."

"काळजी करू नकोस," तो म्हणाला. "त्यांना लाव. त्यांच्याकडे आहे."

तिने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक मुलगी बोलू लागली. नम्र, मऊ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कोड नसेल तर काही करता येणार नाही, असं सांगितलं.

"हे बघा ताई," किल्लीवाला म्हणाला, "मी याच धंद्यातला आहे. धंद्यातल्या माणसाशी खरं बोला. मी कुणाला सांगणार नाही. दुसरी किल्ली कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही, सर."

"तुमच्या साहेबांकडे असेल."

"त्यांच्याकडेही नाही. आम्हाला उघडताच येऊ नये, असंच ते बनवलंय."

"मग रुमाल कसे विकता? ऐकल्याशिवाय?"

पलीकडची मुलगी गोंधळली. "सर, तुमच्या तिजोरीत काय आहे हेसुद्धा आम्हाला दिसत नाही."

"आवाज आहे," तो म्हणाला. "माझ्या बायकोचा."

 मग ती मुलगी म्हणाली, "सर, माझ्या हातात असतं ना, तर मी आत्ता उघडून दिलं असतं." हे मात्र तिला कुणी शिकवलेलं वाटलं नाही. किल्लीवाल्याने आयुष्यात फार थोड्या लोकांवर विश्वास ठेवला होता. न पाहिलेल्या या पोरीवर त्याला तो ठेवावा लागला. ती खरं बोलत होती. आपण करतो तेच त्यांनीही केलं होतं, काम झाल्यावर ठसा पुसला होता. तो स्टुलावर बसला आणि त्याला रडू आलं. मोबाइलवालीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून.

जिना चढताना त्याला वरून बोलणं ऐकू आलं. तो दारात येताच ते थांबलं. शेजारीण पदर सावरत उठली, त्याचा चेहरा बघून काही न बोलता गेली. बायकोने हाताने विचारलं, काय झालं?

त्याने सांगितलं. कागद जाळला तिथपासून सांगितलं. रुमालांच्या जाहिराती बघून फोन पुसला तेही सांगितलं. "गेलं सगळं," तो म्हणाला. "तुझा आवाज मी माझ्या हाताने घालवला. बाळासाठी म्हणून ठेवलेला. मुलगी मागत होती, तिलाही दिला नाही."

बायको उभी होती. ती रागावेल, रडेल, तोंड फिरवेल, असं त्याला वाटलं. तिने अंगठा गळ्याला लावला.

"रुमाल मी बघत होते," ती त्या जाड्याभरड्या आवाजात म्हणाली. "तुमच्या फोनवर."

किल्लीवाल्याने हातातल्या फोनकडे बघितलं. "तो... तुला उघडता येतो?"

"दाराच्या किल्लीचे आकडे. मला कळणार नाहीत?" तिने दम घेतला. "रोज दुपारी लेकीशी बोलते. बाळाला गोष्ट सांगते. शेजारणीशीही बोलते."

"बाळ घाबरत नाही?" त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्याबरोबर त्याला ते परत गिळावंसं वाटलं.

"नाही. हसते. तिला हाच आवाज माहीत आहे."

"मग माझ्याशी का नाही बोललीस इतके दिवस?"

"तुम्ही फोन लावलात," ती म्हणाली. "मी समोर उभी असताना."

 इतके दिवस घरात आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय असं त्याला वाटत होतं, ते खरंच होतं, आणि लपवायला त्यानेच लावलं होतं. तो पुढे झाला.

"आता माझ्याशीही बोल," तो म्हणाला.

तिने अंगठा उचलला, पण गळ्यापर्यंत नेला नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. कपाळ, भुवया, ओठांची टोकं. तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. शेवटी तिने अंगठा टेकवला. "परत तोंड वाकडं केलंत तर?"

होणार नाही असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि ते खोटं ठरेल या भीतीने मिटलं. त्याने खुर्ची ओढून खिडकीपाशी, उजेडात ठेवली आणि तिच्यासमोर बसला.

"माझ्याकडे बघतच बोल," तो म्हणाला. "झालं वाकडं, तर तिथेच थांब आणि सांग मला."